चोर मोकळा, घटना कैद : सीसीटीव्हीचं चित्रण कसं वाचावं

(केडगाव, अहिल्यानगर इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं वाचताना अडत नाहीत तिथे तशीच ठेवली आहेत.)



पेपरात एक मथळा आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. ‘चोरटे सीसीटीव्हीत कैद’. खाली बातमी वाचली की कळतं, चोरटे फरार आहेत आणि पोलिसांची पथकं रवाना झाली आहेत. मग कैद कोण झालं? चोर तर मोकळाच आहे. कैद झाली ती घटना. पण मथळा वाचून आपल्याला निम्मा न्याय झाल्याचं समाधान मिळतं. आज मला या समाधानाबद्दल बोलायचं आहे.

आधीच सांगतो, कोणता कॅमेरा घ्यावा आणि किती मेगापिक्सेलचा घ्यावा, हे मी सांगणार नाही. ते सांगणारे दुकानदार आपल्या पुणे रोडला भरपूर आहेत. मी पुस्तकाची किंवा सिनेमाची करतात तशी समीक्षा करणार आहे. कारण कुठल्याही टॉकीजला न लागणारा एक सिनेमा केडगावात चोवीस तास तयार होत असतो. दुकानात, सोसायटीच्या गेटवर, देवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तो कुणी दिग्दर्शित करत नाही असं आपण धरून चालतो, आणि म्हणून तो खरा मानतो. माझं म्हणणं असं की त्यालाही दिग्दर्शक असतो. फक्त तो कॅमेऱ्याजवळ नसतो, रेकॉर्डरजवळ असतो.

सुरुवात शब्दांपासून करू. दुकानातली पाटी बघा : ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.’ निगा आपण कुणाची राखतो? झाडाची, लेकराची, आजारी माणसाची. ज्याच्यावर संशय असतो त्याच्यासाठी मराठीत सरळ शब्द आहे, ‘पाळत’. पण ‘आपल्यावर पाळत ठेवली जात आहे’ अशी पाटी लावली तर गिऱ्हाईक आत येईल का? म्हणून शब्द निगराणीचा आणि काम पाळतीचं.

दुसरा लाडका शब्द ‘तिसरा डोळा’. उद्घाटनाच्या बातमीत तो हमखास असतो. ‘शहरावर आता तिसऱ्या डोळ्याची नजर’. महादेवाचा तिसरा डोळा एरवी मिटलेला असतो. उघडतो तेव्हा मदन भस्म होतो. आपला तिसरा डोळा सदा उघडा, आणि त्याच्यानं भस्म काहीच होत नाही. उपमा देताना देवाची ताकद घेतली, संयम घेतला नाही.

आता प्रत्यक्ष चित्र बघू. कॅमेरा उंच कोपऱ्यात असतो, त्यामुळे माणसाचा चेहरा कमी आणि टाळू जास्त दिसते. बहुतेक ठिकाणी आवाज नसतो. भांडणात आधी शिवी कुणी दिली हे कळत नाही, आधी हात कुणी उचलला तेवढं कळतं. हा फरक लहान नाही. ज्यानं हात उचलला तो गुन्हेगार ठरतो, आणि ज्यानं तासभर डिवचलं तो चित्रात हातावर हात ठेवून उभा असतो. त्यातून टीव्हीवर येताना या मुक्या चित्राला लाल वर्तुळ लागतं, ढणढण संगीत लागतं, तेच आठ सेकंद वीस वेळा फिरवतात. आपल्याकडे पुढेपुढे करणाऱ्याला ‘फुटेज खातो’ म्हणतात. इथे चॅनेल अख्खं फुटेज खातं आणि आपल्याला आठ सेकंद वाढतं. ती क्लिप कुठून कापली, कुणी कापली, आधीची पाच मिनिटं कुणाकडे आहेत, हे विचारायचं आपण विसरतो. समीक्षेचा पहिला प्रश्न तोच असला पाहिजे.

दिबाकर बॅनर्जींचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ हा २०१० सालचा सिनेमा काहींनी पाहिला असेल. त्यातली मधली गोष्ट एका सुपरमार्केटच्या सीसीटीव्हीतून दिसते. दुकानात काम करणारा एक तरुण सोबतच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर आणून, तिच्या नकळत व्हिडिओ बनवून विकायचा बेत करतो. सिनेमा म्हणून त्यात एक खोट आहे. गोष्ट पुढे नेणारं सगळं कॅमेऱ्यासमोरच घडतं आणि संवाद नीट ऐकू येतात. खरा सीसीटीव्ही इतका सोयीचा नसतो. पण एक गोष्ट या सिनेमानं फार लवकर ओळखली. चोर पकडायला लावलेला कॅमेरा चोराच्या हातात गेला की त्याच चित्रातून धंदा होतो. तेव्हा ते अतिशयोक्त वाटलं होतं. १५ वर्षांत काय झालं, ते पुढे येईलच.

आधी स्मरणशक्तीकडे वळू. सीसीटीव्हीला आपण साक्षीदार म्हणतो. साक्षीदाराला आठवण लागते. या साक्षीदाराची आठवण किती दिवसांची? साधा हिशोब करू. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या दरानं लिहितो असं धरा. दिवसाचे झाले साधारण २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. डीव्हीआरमध्ये एक टीबीची हार्डडिस्क असेल तर ती साडेअकरा दिवसांत भरते. मग तो डबा काय करतो? सगळ्यात जुनं पुसतो आणि त्याच जागेवर नवं लिहितो. माणूस गेला तर घरातले निदान तेराव्यापर्यंत आठवण काढतात. हा त्याच्याही आधी विसरतो.

त्याशिवाय घड्याळ. डीव्हीआरचं घड्याळ मागेपुढे होतं, लाइट जाऊन-येऊन आणि आतला सेल संपून भलतीच तारीख दाखवायला लागतं. म्हणून पंचनाम्यात डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहावा लागतो. आणि चोर शिकतात. ‘जाताना डीव्हीआरही नेला’ हे वाक्य आता बातम्यांत नेहमीचं झालंय. आपण कॅमेऱ्याकडे बघत बसलो, सीसीटीव्हीचा जीव कुठे आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं.

आठवण नुसती असून भागत नाही, ती कुणाच्या ताब्यात आहे यावर सगळं ठरतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारच्या मराठवाड्यातलं, जालन्याचं आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल हायकोर्टात गेले. मुद्दा असा की उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत होती. खोतकरांचे अर्ज तीनच्या आत दाखल झाले का? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरे होते, चित्रण होतं. म्हणजे प्रश्न पाच मिनिटांत सुटायला हवा होता, नाही का?

तो सुटायला सहा वर्षं लागली. कोर्टापुढे आल्या त्या सीडी, म्हणजे प्रती. कायद्यानुसार प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं : हे चित्रण कुठल्या यंत्रातून आलं, ते यंत्र कसं चालत होतं, कुणाच्या ताब्यात होतं. पुरावा कायद्याचं कलम ६५-ब. अर्जदारांनी ते पुन्हा पुन्हा मागितलं. अधिकाऱ्यांनी दिलं नाही. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्यांची उलटतपासणी आणि इतर पुरावे धरून नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२० ला निकाल दिला. मूळ यंत्र मालकानं स्वतः कोर्टात आणून सिद्ध केलं तर प्रमाणपत्र नको, प्रत दिली तर ते हवंच. पण ज्यानं मिळवायची सगळी खटपट केली आणि समोरच्यानं दिलंच नाही, त्याला त्यासाठी शिक्षा होऊ नये. अपील फेटाळलं गेलं. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती.

आता हा निकाल वकिलाच्या नाही, वाचकाच्या नजरेनं बघा. कोर्ट सांगतंय की चित्र स्वतःहून बोलत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी नाव-सही करून उभं राहावं लागतं. चित्र सगळ्यांना दिसत होतं, पण ते ज्यांच्या ताब्यात होतं त्यांनी एक कागद दिला नाही म्हणून ते वर्षानुवर्षं अर्धमुकं राहिलं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक प्रत देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं, म्हणजे नंतर एक ठिपका बदलला तरी कळेल. मला हे योग्य वाटतं. पण गरीब माणसाला हा तज्ज्ञ कुठे भेटणार, हा प्रश्न उरतोच.

याच धाग्यानं पुढे जाऊ. २० डिसेंबर २०२४ ला निवडणूक संचालन नियमांत बदल झाला आणि मतदान केंद्रावरचं चित्रण सर्वसामान्यांना तपासायला मिळण्याची वाट बंद झाली. ३० मे २०२५ च्या पत्रात आयोगानं सांगितलं की निकालानंतर ४५ दिवसांत कुणी याचिका केली नाही तर चित्रण नष्ट करा. आयोगाची बाजूही ऐकली पाहिजे. मतदार कोण, कधी आला, कुणाबरोबर आला हे जगाला दिसलं तर त्याच्यावर दबाव येऊ शकतो, तुकडे कापून अपप्रचार होऊ शकतो. ही भीती खोटी नाही, कापलेल्या क्लिपबद्दल मी आत्ताच बोललो. पण ४५ दिवस ही याचिकेची मुदत आहे. आणि याचिका करायची तर हातात काहीतरी दिसायला हवं. दाखवायचं नाही, आणि कुणी विचारलं नाही म्हणून पुसायचं, यात मतदाराची निगा किती आणि कार्यालयाची सोय किती, हे तुम्हीच ठरवा.

याच्या उलट आदेशही आपल्याकडे आहे. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत. गेटवर, कोठडीत, व्हरांड्यात, निरीक्षकाच्या खोलीत. आवाजासकट. आणि चित्रण १८ महिने ठेवायचं, बाजारात तशी यंत्रं नसतील तरी एक वर्षाच्या खाली नाही. आपल्या साडेअकरा दिवसांशी ताडून बघा. कोठडीत मार बसला तर तक्रार करायला माणूस आधी बाहेर यावा लागतो, बरा व्हावा लागतो, धीर एकवटावा लागतो. कोर्टानं आठवणीची मुदत त्या माणसाच्या वेळेप्रमाणे ठरवली, हार्डडिस्कच्या किमतीप्रमाणे नाही. सीसीटीव्हीवरचं इतकं चांगलं वाचन मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४. शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, आणि त्या शाळेतलं १५ दिवसांचं चित्रण सापडत नाही हे तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं. त्याच महिन्यात सरकारनं निर्णय काढला, सगळ्या शाळांनी महिन्याभरात कॅमेरे बसवावेत. अडचण चित्रण नसल्याची, आणि उपाय आणखी कॅमेऱ्यांचा. कॅमेरा बसला की फोटो काढता येतो, उद्घाटन करता येतं. चित्रण सांभाळणं हे दिसणारं काम नाही, म्हणून ते कुणाच्याच नावावर नसतं.

आता मोबाइलवर येऊ. डीव्हीआर आला तेव्हा काही झालं तर मागे जाऊन बघायचं, एवढाच त्याचा उपयोग होता. काहीच झालं नाही तर कुणी बघत नसे. मोबाइलवर लाइव्ह दिसायला लागलं आणि सवय बदलली. आता काही झालेलं नसतानाच जास्त बघितलं जातं. लग्नाच्या पंगतीत बसून मालक दुकानातला पोरगा बसलाय की उभा ते बघतो. पुण्याला, अमेरिकेला असलेली मुलं नगरच्या घरातले आई-वडील जेवले का ते बघतात. यात माया आहे, मी नाकारत नाही. पण वडिलांना विचारा, हॉलमध्ये पाय वर घेऊन बसताना हल्ली काय वाटतं.

दूरदर्शनाचा एक वेगळा नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. शिर्डीला साईमंदिराचं लाइव्ह दर्शन इंटरनेटवर चालतं, परदेशातला मराठी माणूस सकाळी ते लावून बसतो. यंत्रणा साधारण तीच, स्थिर कॅमेरा आणि लांबचा पडदा. पण दर्शन हा शब्द बघा. भक्ताला नुसतं बघायचं नसतं, देवाची नजर आपल्यावर पडावी असंही वाटत असतं. तिथे कॅमेरा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या लाइव्ह व्ह्यूमध्ये नजर एकाच दिशेनं जाते. ज्याला बघतोय त्याला आपण दिसत नाही, कधी बघतोय हेही कळत नाही.

आणि बघणारे आपणच असतो असंही नाही. डीव्हीआर इंटरनेटला जोडला, पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवला, की दार उघडं. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरचे असेच डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. राखणदारच फितूर झाला आणि मालकाला पत्ता नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं स्त्रियांच्या तपासणीचं चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. सुपरमार्केटच्या त्या सिनेमात धंदा एका माणसाचा होता. इथे तो घाऊक झाला. आणि मला पडणारा प्रश्न त्याहून आधीचा आहे. तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावावा असं ज्यानं ठरवलं, त्याला त्या वेळी एकाही बाईला विचारावंसं वाटलं नाही का?

थोडं मागे जाऊ, कारण राखण ही आपल्याकडे नवी नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं. त्या जुन्या गावात रात्री जागल्या, रामोशी राखण करत. चोरी झाली तर रामोशानं माग काढायचा, आणि माग ज्या गावच्या शिवेत गेला त्या गावानं पुढची जबाबदारी घ्यायची. म्हणजे राखणाऱ्याला उत्तर द्यावं लागे. ती व्यवस्था मला परत नको आहे. जातीनं लादलेलं काम होतं ते. शिवाय ज्यांनी राखलं त्यांच्यातल्याच कितीतरी जमातींवर इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतः गुन्हेगाराचा शिक्का मारला, रोजची हजेरी लावली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण सोसायटीच्या ग्रुपवर ‘हा कोण फिरतोय’ म्हणून कुणाचे फोटो पडतात ते आठवा. भंगार गोळा करणारी बाई, पाल ठोकून राहिलेला पारधी. सूट-बूट घालून खोटी स्कीम विकायला येणाऱ्याचा फोटो कधी पडतो? कॅमेरा निःपक्ष असेलही. त्याच्यातून काय उचलायचं ते आपण ठरवतो, आणि आपल्या डोक्यात ती जुनी हजेरी अजून चालू आहे.

माझं म्हणणं आटोपतं घेतो. कॅमेरे काढून टाका असं मी म्हणत नाही. रात्री बायपासला कुणाला उडवून गाडी पळाली तर तिचा नंबर मलाही हवा आहे. फक्त इथून पुढे कुठलंही चित्रण समोर आलं की तीन गोष्टी विचारा. रेकॉर्डर कुणाच्या ताब्यात आहे? आठवण किती दिवसांची आहे, आणि ती कुणाच्या सोयीनं ठरवली? आणि ज्याचं चित्र आहे त्याला ते मागता येतं का? उत्तरं मिळाली तर तो साक्षीदार. नाही मिळाली तर तो मालकाचा माणूस आहे असं समजून त्याचं ऐका.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : दुकानात चोरी झाली तर पहिल्यांदा काय करायचं?

उत्तर : मोबाइलनं स्क्रीनचं शूटिंग करून ग्रुपवर टाकू नका, ते सगळ्यात आधी. डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ यातला फरक कागदावर लिहा. बऱ्याच डीव्हीआरमध्ये फाइल लॉक करायची सोय असते, तेवढा भाग लॉक करा म्हणजे पुसला जाणार नाही. आधीचा आणि नंतरचा भागही ठेवा, नुसती चोरी नको. प्रत पेन ड्राइव्हवर त्याच दिवशी घ्या आणि पोलिसांना लेखी कळवा. मूळ डबा सांभाळा, जालन्याची गोष्ट विसरू नका.

प्रश्न : आमच्या भावकीत घराची वाटणी झाली आहे. भावानं लावलेला कॅमेरा आमच्या भागावर येतो. त्याला काही कायदा?

उत्तर : अगदी असंच एक प्रकरण कोलकात्याचं आहे, एकाच घरात राहणाऱ्या दोघा भावांचं. तिथल्या हायकोर्टानं २०२५ मध्ये सांगितलं की राहत्या भागात सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरा चालवणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे. सुप्रीम कोर्टानंही त्यात ढवळाढवळ केली नाही. त्यामागे २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहेच. पण कोर्टात जायच्या आधी भावाला सांगा की सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, नको तो भाग काळा करता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. त्यानं केलं नाही तर भांडण कॅमेऱ्याचं नाही, हे कळेल.

प्रश्न : घरी आजींना सांभाळायला एक ताई येतात. कॅमेरा आहे हे त्यांना सांगायलाच हवं का? सांगितलं तर उपयोग काय राहिला?

उत्तर : सांगायला हवं. आणि सांगून थांबू नका, तुमच्या मोबाइलवर त्या कशा दिसतात ते त्यांना दाखवा. कोणत्या कोपऱ्यात दिसत नाही, तेही दाखवा. दुपारी जेवायला, पाठ टेकायला त्यांना तो कोपरा लागेल. आजींनाही विचारा, त्यांचंही घर आहे. त्या दोघींनी कॅमेरा थोडा फिरवा म्हटलं, तर फिरवा.